पेंड्युलमचा जी आणि विश्वाचा एच

बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सिंपल पेंड्युलमचा प्रयोग असायचा. दोरा, त्याला लटकवलेला गोळा, हातात स्टॉपवॉच. वीस आंदोलनं मोजायची, वेळ लिहायची, दोऱ्याची लांबी बदलायची, पुन्हा मोजायचं, आणि शेवटी गुरुत्वत्वरण म्हणजे जी काढायचा. आमच्या बॅचमधल्या झाडून सगळ्यांचा जी ९.७८ ते ९.८२ मध्ये आला होता. स्टॉपवॉच खटारा, टेबल हलणारं, मोजणारे सतरा वर्षांचे गप्पिष्ट, आणि अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आत! हे कसं झालं ते तुम्हालाही माहीत आहे, कारण तुम्हीही तेच केलंय. :)

माझा पहिला जी १०.८ आला होता. मी सूत्र उलटं फिरवलं, ९.८ यायला वेळ किती हवा ते काढलं, दुसऱ्या दशांशस्थळी जरा हलवाहलव केली आणि सहा रीडिंग जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवली. ग्राफ इतका सरळ आला की सरांनी न बघताच सही केली.

नोकरीला लागल्यावर, कुठल्याशा लूपमध्ये एक फेरी कमी पडते म्हणून डोकं धरून बसलो असताना लख्खकन उजेड पडला. गोळा सोडतानाच मी 'एक' म्हणत असे! म्हणजे 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच झालेली असायची. वीस भागिले एकोणीस, त्याचा वर्ग, सुमारे १.११. ९.८ चे जवळपास १०.८. ऑफ-बाय-वन. माझं रीडिंग मला माझी चूक अगदी नेमकेपणाने सांगत होतं आणि मी तेच खोडून टाकलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेले काही विकांत मी हबल स्थिरांकाबद्दल वाचतोय. हा एक असा आकडा आहे की ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही. तो काढायला माणसं शंभर वर्षं झटताहेत, आणि आज दोन अत्यंत काळजीपूर्वक काढलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीयेत. यावर पेपरात आणि यूट्यूबवर जी बोंब चालते ('विश्वशास्त्रात भूकंप' वगैरे), तिच्याशी माझं भांडण आहे. त्याहून मोठं भांडण 'मग सरासरी काढा ना' म्हणणाऱ्यांशी आहे.

आधी आकडा म्हणजे काय ते सांगतो. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दूरच्या दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी, आपल्यापासून लांब जाताना दिसतात. (दीर्घिका हा शब्द नारळीकरांची पुस्तकं वाचून मोठे झालेल्यांना परका नाही.) जितकी दूर, तितका वेग जास्त. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. दर मेगापार्सेकमागे वेग सेकंदाला किती किलोमीटरने वाढतो, तो हबल स्थिरांक. समजा तो ७० आहे, तर १०० मेगापार्सेकवरची दीर्घिका सेकंदाला ७००० किलोमीटर वेगाने लांब जातेय.

यातला वेग मोजणं सोपं. प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे किती सरकल्या ते बघायचं, झालं. सगळी मारामारी अंतराची. आकाशातला एखादा ठिपका अंधुक आहे तो लांब आहे म्हणून, की मुळातच मिणमिणता आहे म्हणून? रात्री हायवेवर समोरून येणारा एकुलता दिवा ट्रकचा की मोटारसायकलचा हे ओळखण्याइतकंच हे अवघड.

यावरचा उपाय हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी शोधला. त्या हार्वर्डच्या वेधशाळेत 'कम्प्युटर' होत्या. तेव्हा कम्प्युटर हे यंत्राचं नव्हे, पदाचं नाव होतं. फोटोच्या काचांवरचे तारे मोजत बसणाऱ्या बायकांना कम्प्युटर म्हणायचे, आणि लेव्हिटबाईंना तासाला तीस सेंट मिळत. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात, त्यांना सेफीड म्हणतात. लहान मॅगेलनी मेघातले असे २५ तारे घेऊन १९१२ साली त्यांनी दाखवलं की ज्याचा हा उजळण्या-मंदावण्याचा काळ मोठा, तो तारा जास्त तेजस्वी. मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे तुलना रास्त होती. म्हणजे बल्बवर वॅट छापलेले सापडले! काळ मोजा, वॅट कळतील. किती उजेड पोचतोय ते बघा, अंतर कळेल. लेव्हिटबाई १९२१ मध्ये गेल्या. पुढे १९२५ मध्ये एका स्वीडिश गणितज्ञाला त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवायचं होतं, तेव्हा त्यांच्या मृत्यूची त्याला खबरही नव्हती. असो.

एडविन हबलने हीच पट्टी वापरून अँड्रोमेडा ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका असल्याचं दाखवलं आणि १९२९ मध्ये अंतर विरुद्ध वेग असा तो प्रसिद्ध आलेख काढला. उतार आला सुमारे ५००. १९३१ साली हबल आणि ह्युमसन यांनी आणखी लांबवर जाऊन मोजलं, ५५८. १९३६ मध्ये हबलने परत काढला, ५२६.

बघा कसं छान जुळतंय!

फक्त एकच अडचण होती. प्रसरणाचा वेग ५०० असेल तर विश्वाचं वय साधारण २ अब्ज वर्षं येतं, आणि किरणोत्सर्गावरून काढलेलं पृथ्वीचं वय त्याहून जास्त येत होतं. आईपेक्षा लेक मोठी. या कोड्यातून सुटायला फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. त्यांच्याकडे तेवढं एकच कारण नव्हतं, पण ते ठळक होतं. विश्वाला सुरुवातच नसली तर वयाचा प्रश्नच मिटला. आपले जयंत नारळीकर साठच्या दशकात केंब्रिजला हॉइलबरोबर याच सिद्धान्तावर काम करत होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा सगळीकडे त्यांच्या विज्ञानकथांबद्दल लिहून आलं. मला मात्र वाटत राहिलं की ज्या वैचारिक लढाईत ते तरुणपणी उतरले, तिच्या मुळाशी असलेल्या अनेक गोष्टींपैकी एक चुकलेली मोजपट्टी होती, हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

ही चूक कशी सापडली ते वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. वॉल्टर बाडे हा जर्मन माणूस माउंट विल्सन वेधशाळेत होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं, तो शत्रुराष्ट्राचा नागरिक, म्हणून त्याला युद्धाच्या कामाला घेतलं नाही. बाकीचे शास्त्रज्ञ तिकडे गेले. खाली लॉस एंजेलिसमध्ये हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवलेले. म्हणजे जगातली तेव्हाची सगळ्यात मोठी दुर्बीण, काळंभोर आकाश, आणि रांगेत दुसरं कुणी नाही. त्याने अँड्रोमेडाच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे बघितले आणि ओळखलं की तारे दोन जातींचे आहेत. पुढे पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. हबलचं अंतर बरोबर असतं तर तिच्यातून अँड्रोमेडातले आर-आर लायरी जातीचे तारे जेमतेम का होईना, दिसायला हवे होते. दिसले नाहीत. निष्कर्ष असा की सेफीडही दोन प्रकारचे आहेत. आपण एका प्रकारच्या ताऱ्यांवर पट्टी बेतली आणि दुसऱ्या प्रकारच्या ताऱ्यांना लावली. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडेने हे सांगितलं आणि विश्वातली अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. ५०० चे २५० झाले. मग हबलचा शिष्य ॲलन सँडेजच्या लक्षात आलं की हबलने दूरच्या दीर्घिकांमधले 'सगळ्यात तेजस्वी तारे' म्हणून जे धरले होते त्यांतले बरेचसे तारे नसून तापलेल्या वायूचे ढग होते. १९५८ साली त्याचा आकडा आला ७५.

आता नीट बघा. ५००, ५५८, ५२६ हे एकमेकांशी जुळत होते कारण तिघांत तोच बग होता. तीच पट्टी वापरून आणखी हजार दीर्घिका मोजल्या असत्या तर उत्तर ५२६.४ आलं असतं, चुकीची मर्यादा अजून बारीक झाली असती, आणि उत्तर तितकंच चुकलेलं राहिलं असतं. घरातला वजनकाटा रिकामा असताना २ किलो दाखवत असेल तर त्यावर शंभर वेळा उभं राहून काय उपयोग? सरासरी फार सुंदर येईल. (आमच्याकडे असा काटा आहे. दिवाळीनंतर दोष त्याच्यावर ढकलता येतो, म्हणून बदललेला नाही.)

सत्तर-ऐंशीच्या दशकांत तर खुलं युद्धच होतं. सँडेज आणि गुस्ताव टामान म्हणत ५० च्या आसपास. जेरार्द द व्होकुलर म्हणत १००. दोघंही चुकीची मर्यादा दहाएक टक्के सांगत. म्हणजे एकाचं ५० अधिक-उणे ५, दुसऱ्याचं १०० अधिक-उणे १०, आणि मध्ये हे एवढं भगदाड. बाकीच्या खगोलशास्त्रज्ञांनी यावर जो उपाय काढला तो कुठल्याही प्रोग्रॅमरला पटेल. त्यांनी आकडा हार्डकोड करायचंच सोडलं. हबल स्थिरांक म्हणजे १०० गुणिले छोटा एच, आणि छोट्या एचच्या जागी ज्याला जे हवं ते त्याने भरावं. व्हेरिएबल करून मोकळे! तो छोटा एच आजही पेपरांमध्ये सुखाने नांदतोय.

हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली ती हा वाद मिटवण्याचं काम घेऊनच. वेंडी फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निकाल दिला, ७२, अधिक-उणे ८. दोन वर्षांनी डब्ल्यूमॅप उपग्रहाने विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून काढला, तोही ७२, अधिक-उणे ५. सगळे खूश. आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसली असावी की बघा, ५० आणि १०० भांडत होते, खरं उत्तर मधोमध निघालं. पुन्हा भांडण झालं की मधला आकडा घ्यावा.

ही समजूत साफ चुकीची आहे. ७२ हा आकडा कुणी सरासरी काढून आणला नाही. दहाएक वर्षं राबून, दूरच्या दीर्घिकांमधले सेफीड एकेक शोधून, तो मोजलाय. तो मधोमध पडला हा योगायोग. आधीच्या फेरीत ५०० म्हणणारे आणि २५० म्हणणारे यांची सरासरी काढली असती तर ३७५ आले असते, आणि खरं उत्तर त्या दोघांच्याही खूप खाली होतं.

आजचं भांडण असं आहे. एका बाजूला ॲडम रीस यांचा गट. रीस म्हणजे विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ मध्ये दाखवणाऱ्यांपैकी एक, २०११ चं नोबेल सॉल पर्लमटर आणि ब्रायन श्मिट यांच्याबरोबर मिळालेले. त्यांची पद्धत शिडीची. पहिली पायरी शुद्ध भूमितीची, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून अंतर. त्या अंतरांवर सेफीड बेतायचे. मग ज्या दीर्घिकांमध्ये सेफीडही दिसतात आणि टाइप वन-ए सुपरनोव्हाही फुटून गेलाय, अशा दीर्घिका धरून सुपरनोव्हा बेतायचे. हे सुपरनोव्हा अफाट तेजस्वी असतात, आणि जो जास्त तेजस्वी तो हळू मंदावतो, त्यामुळे त्यांच्यावरही वॅट जवळजवळ छापलेले असतात. ते सेफीडच्या कितीतरी पलीकडे दिसतात. २०२२ च्या निकालात मधल्या पायरीवर ३७ दीर्घिकांमधले ४२ सुपरनोव्हा होते. उत्तर ७३.०४, अधिक-उणे १.०४.

दुसऱ्या बाजूला प्लांक उपग्रह. त्याने विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश मोजला. त्यावरून विश्वात किती काय होतं ते काढायचं आणि प्रमाणित मॉडेल चालवून आजचा वेग सांगायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर बूट लॉग वाचून, कोड माहीत आहे असं धरून, आज सर्व्हर कुठल्या स्थितीत असेल ते सांगणं. रीस यांचा गट थेट चालू सर्व्हरवर जाऊन बघतोय. प्लांकचं २०१८ चं उत्तर ६७.४, अधिक-उणे ०.५.

फरक साडेपाचाहून थोडा जास्त. ५० आणि १०० च्या मानाने किरकोळ वाटेल, पण चुकीच्या मर्यादा आता इतक्या बारीक आहेत की दोन्ही उत्तरं खरोखर एकच असती तर निव्वळ नशिबाने एवढा फरक पडायची शक्यता लाखांत एकाहूनही कमी. म्हणजे एक तर शिडीच्या कुठल्या तरी पायरीत बग आहे, किंवा प्लांकच्या वाचनात आहे, किंवा मधलं मॉडेल, म्हणजे कोडच, अपुरं आहे. तिसरं खरं निघालं तर ती फार मोठी गोष्ट. याला 'हबल टेन्शन' म्हणतात, आणि हे नाव मराठी माणसाला फारच चपखल वाटतं.

ऑफिसात चहाला हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "अरे मग सत्तर धरा आणि पुढे चला." रिलीजच्या तारखेवरून भांडण झालं की आपण हेच करतो. एक म्हणतो दोन आठवडे, दुसरा म्हणतो सहा, मॅनेजर लिहितो चार. पण चार कुणालाच वाटत नसतात. इथेही तेच. सरासरी येते ७०.२. रीस यांच्या निकालापासून ती त्यांच्या चुकीच्या मर्यादेच्या पावणेतीन पट लांब, आणि प्लांकपासून साडेपाच पट. म्हणजे दोघांच्याही मते चूक. दोघांपैकी एक तरी बरोबर असेल अशी जी शक्यता होती, ती आपण समंजसपणाच्या नावाखाली घालवली.

आणि खरी भीती इथेच आहे. समजा एखाद्या तरुण संशोधकाचा आकडा ७८ आला. तो काय करेल? दहा ठिकाणी चूक शोधेल, दोनतीन सापडतील (सापडतातच), दुरुस्त करेल, आकडा ७४ वर येईल, आणि तो शोधणं थांबवेल. ज्याचा आकडा पहिल्याच फटक्यात ७३ आला त्याने मात्र एकही चूक शोधलेली नाही. कुणीही खोटं बोललेलं नाही. तरी दोघं मिळून जुन्या उत्तराकडे सरकले. मिलिकनने इलेक्ट्रॉनचा भार मोजला तेव्हा त्याने हवेच्या स्निग्धतेचा चुकीचा आकडा वापरला होता. नंतरच्या लोकांची उत्तरं थेट खऱ्या किमतीवर न जाता पायरीपायरीने वर सरकत गेली, हा किस्सा फाइनमन यांनी १९७४ च्या भाषणात सांगितलाय. त्यातला प्रत्येक जण माझ्यासारखाच, फक्त मोठ्या पगाराचा.

म्हणून माझं मत असं: न जुळणाऱ्या आकड्याला जितकं उलटंपालटं करून बघतो तितकंच जुळणाऱ्यालाही बघितलं पाहिजे, आणि माणसाच्या हातून हे होत नाही म्हणून उत्तर मोजणाऱ्यापासून लपवून ठेवलं पाहिजे. हे लोक आता तसं करूही लागलेत. फ्रीडमन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटावर काम करताना ताऱ्यांच्या तेजाच्या आकड्यांत आधीच एक गुप्त संख्या मिसळून ठेवली होती. सगळं विश्लेषण संपेपर्यंत आपलं उत्तर ६५ आहे की ७५ हे काम करणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. २०२४ मध्ये ती संख्या काढून टाकली. २०२५ मध्ये छापलेला त्यांचा आकडा ७०.४ च्या आसपास आहे, आणि चुकीची मर्यादा एवढी की तो दोन्ही पक्षांशी धड भांडत नाही.

यावर लगेच 'टेन्शन मिटलं' अशा बातम्या आल्या. पुन्हा तोच रोग. पहिल्या फेरीत दहाच्या आसपास दीर्घिका होत्या. रीस यांच्या गटाचं म्हणणं की एवढ्या थोड्या दीर्घिका निवडल्या की आकडा नुसत्या निवडीनेही इकडेतिकडे होतो. मला फ्रीडमन यांचं कौतुक आकडा मधला आला म्हणून नाही, तो लपवून काढला म्हणून आहे. तसंच रीस यांच्याबद्दलही. सेफीड दाटीवाटीच्या भागात असतात, शेजारच्या ताऱ्यांचा उजेड त्यांच्यात मिसळत असेल, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप. त्यांनी तेच सेफीड जेम्स वेबच्या कितीतरी तीक्ष्ण नजरेने पुन्हा मोजले. आक्षेप खरा असता तर अंतरं बदलली असती आणि स्वतःचाच निकाल पडला असता. बदलली नाहीत.

गाया उपग्रहाची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. ताऱ्यांचं सरकणं मोजणारं हे यंत्र. क्वासार इतके प्रचंड दूर की त्यांचं सरकणं शून्य यायला हवं. गायाला आलं उणे. अगदी सूक्ष्म, पण शून्य नाही. त्यांनी ते दडपलं नाही, छापलं, आणि वापरणाऱ्यांना सांगितलं की आमचा काटा रिकामा असतानाही एवढं दाखवतो, तेवढं वजा करून घ्या.

मीही मागच्या विकांताला घरी लपवाछपवी करून पाहिली. गॅलरीत दोरीला कुलूप टांगलं. लांबी बायकोने मोजली आणि मनातली एक संख्या मिळवून मला सांगितली. मी वेळ मोजली (यावेळी 'शून्य' पासून), हिशेब केला, दोरीची चूक किती, हाताची चूक किती, कुलपाचा मध्य कुठे धरायचा, सगळं आधी लिहून ठेवलं. मग तिने संख्या सांगितली. जी आला ९.६३, अधिक-उणे ०.१६. तो एक मिनिट फार विचित्र असतो, सांगतो तुम्हाला. हात आपोआप पेनाकडे जातो, लांबी परत मोजावीशी वाटते. ९.८० आला असता तर परत मोजावीशी वाटली नसती, हे तितकंच स्पष्ट कळतं.

अर्थात लपवून सगळं साधत नाही, हेही कबूल करायला हवं. बाडेने सापडवलेला बग डोळ्यांवर पट्टी बांधून कधीच सापडला नसता, कारण चूक गृहीतकात होती. त्याला पूर्ण वेगळी वाट लागते. अशी एक वाट १९६४ मध्ये नॉर्वेच्या रेफ्सदाल यांनी सुचवली होती. मध्ये जड दीर्घिका आली की तिच्या गुरुत्वाने मागच्या वस्तूचा प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि एकाच घटनेच्या प्रती वेगवेगळ्या वेळी दिसतात. त्या वेळांमधल्या फरकातून अंतर निघतं, शिडी लागतच नाही. २०१४ मध्ये असा एक सुपरनोव्हा चार प्रतींत दिसला, त्याला रेफ्सदाल यांचंच नाव दिलं. आणखी एक प्रत कधी आणि कुठे दिसेल याची भाकितं लोकांनी आधी छापली, आणि २०१५ च्या डिसेंबरात ती दिसली! यातून पुढे आलेला आकडा साधारण ६५-६७, अधिक-उणे ४.

याच तंत्राने क्वासार मोजणाऱ्या गटाने उत्तर लपवून काम केलं, आणि २०२० मध्ये त्यांना ७३.३ मिळालं, अडीच टक्क्यांच्या आतल्या मर्यादेने. रीस यांच्याशी मस्त जुळणारं. तिथे थांबले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण त्याच वर्षी त्यांनी दीर्घिकेतलं वस्तुमान कसं पसरलंय याबद्दलचं स्वतःचंच गृहीतक सैल करून पाहिलं, तर मर्यादा एकदम रुंदावली, आणि आणखी डेटा घातल्यावर आकडा ६७.४ वर आला, अधिक-उणे चारएक. हातात आलेला अडीच टक्क्यांचा निकाल त्यांनी स्वतः मोडून ठेवला. अप्रेझलच्या वर्षात असं करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी वाट आपल्या मराठवाड्यातून जाते. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की गुरुत्वलहरी निघतात, आणि त्यांच्या आकारातूनच अंतर कळतं. सेफीड नको, सुपरनोव्हा नको. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी घटना सापडली आणि दुर्बिणींना तिचा प्रकाशही दिसला. आकडा आला ७०, एकीकडे १२ ने जास्त, दुसरीकडे ८ ने कमी. हे फारच ढोबळ, आणि प्रकाशासकट पक्की सापडलेली अशी ती एकच. वाद सुटायला अशा डझनांनी घटना हव्यात, आणि लहरी कुठून आल्या ती दिशा नेमकी कळायला पृथ्वीवर लांब लांब यंत्रं हवीत. त्यातलं एक हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे, चार चार किलोमीटरच्या दोन भुजांचं. केंद्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २६०० कोटींना मंजुरी दिली.

या लायगोवाल्यांची एक रीत आहे. २०१० च्या सप्टेंबरात त्यांच्या यंत्रांत एक झकास सिग्नल आला. त्याला लाडाने 'बिग डॉग' म्हणू लागले. शेकडो जणांनी सहा महिने त्याचा कीस पाडला, पेपर लिहून तयार ठेवला. मग मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बैठकीत लिफाफा उघडला. सिग्नल खोटा होता. आपल्यातल्याच मोजक्या लोकांनी, बाकीच्यांना न सांगता, यंत्रात घुसवलेला. आणि असं होऊ शकतं हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. पुढे २०१५ च्या सप्टेंबरात खराखुरा पहिला सिग्नल आला, तेव्हा सगळ्यांनी आधी विचारलं की हाही आपल्यातल्याच कुणी घातलाय का.

हिंगोलीचं यंत्र सुरू होईल तेव्हा पहिल्याच वर्षी तिथेही कुणीतरी असा एक लिफाफा बंद करून ठेवावा. आणि तो उघडायच्या दिवशी, जमलं तर, मला बोलवावं. औंढ्याला रात्रीच्या बसने येईन.